खळीची चव

मास्तरांचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. बाइंडिंगच्या कारखान्यात बावीस वर्षं कागद कापणाऱ्या माणसानं विश्वास ठेवायचा तो फक्त पट्टीवर, असं ते म्हणत, आणि पट्टीसुद्धा दोनदा लावून बघत. गठ्ठा पाचशेचा आहे असं कोणी सांगितलं, की तो पाचशेचा नसणार हे धरून ते मोजायला घेत. कारखान्यातल्या मावशी रोज सकाळी चिकटवायला मैद्याची खळ शिजवायच्या. ती आंबलेली नाही ना, हे मास्तर बोटावर घेऊन जिभेला लावून ठरवत, आणि मगच तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद पडे. आता खळीची चव एका बोटात कळते. पण पहिल्या बोटाला मास्तर म्हणत, "हं." दुसऱ्याला म्हणत, "बघू." तिसरं बोट चाटल्यावर निकाल लागे. मास्तरांचा नाश्ता इथंच होतो, असं मावशी म्हणायच्या, अर्थात मास्तर जिना उतरून गेल्यावर.

अशा माणसाच्या टेबलासमोर ती नवी बाई येऊन बसली. कापलेले फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, मोजून, क्रमानं लावून शिलाईकडे पाठवायचे, एवढंच तिचं काम. वय तिशीच्या आसपास, बोलणं कमी, आणि साडीवरून घालायच्या कामाच्या झग्याच्या खिशात सदा एक छोटी निळी वही. आठ दिवसांत सगळे तिला वहीवाली म्हणायला लागले.

वहीवाली विचित्र गोष्टी विचारायची. दुपारी कुठलं फाटक उघडं असतं? गाडी आत कुठपर्यंत येते? मावशी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर का थांबतात? एकदा तर मास्तरांनी तिला जिन्याच्या पायऱ्या मोजताना पाहिलं. खालून वर मोजल्या, वरून खाली मोजल्या, आणि उभ्या उभ्या वहीत काहीतरी लिहिलं. पायऱ्या काय रातोरात वाढतात? मास्तरांनी त्याच दिवशी ओळखलं की हा मालकांचा कान आहे. धंदा मंद होता, माणसं कमी करायची कुजबुज होती, आणि नेमकी अशा वेळी एक बाई वही घेऊन येते, हे काही सरळ नव्हे.

मास्तरांना भिण्याचं कारण होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. तेरा वर्षांपासून त्यांना मधुमेह होता, आणि गेली सहा वर्षं ते रोज सकाळी घरी पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेत होते. हे माहीत होतं डॉक्टरांना आणि बायकोला. कारखान्यात कुणाला म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या आधी कागद कापायच्या मशीनवर जो होता, त्याला एकदा सुरीपाशी चक्कर आली होती. आजारी माणूस सुरीजवळ नको म्हणून त्याला त्याच आठवड्यात खाली लेबलं चिकटवायला बसवलं. चांगला कारागीर होता. सहा महिने मान खाली घालून लेबलं चिकटवली आणि एक दिवस यायचाच बंद झाला. त्याची जागा मास्तरांना मिळाली होती, त्यामुळे जागा कशी जाते हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

बायको रोज त्यांच्या शर्टाच्या खिशात चार लिमलेटच्या गोळ्या घालायची. साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला. मास्तर त्या रोज फाटकावर वॉचमनला देऊन टाकत. कागदाजवळ खाण्याची वस्तू आणायची नाही, हा या कारखान्याचा नियम मास्तरांनीच केलेला. खाणं आलं की मुंग्या आल्या, मुंग्या आल्या की डाग आले. स्वतःच्या नियमाला स्वतःच भोक कसं पाडायचं? आणि कुणी विचारलंच की मास्तर, या वयात गोळ्या, तर काय सांगायचं? वॉचमनला मात्र वाटायचं, मास्तर दिसतात खडूस, पण मन किती प्रेमळ.

मशीनवर दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच सुरी खाली यायची, म्हणजे सुरी पडताना दोन्ही हात बाहेर, असा बनवणाऱ्याचा विचार. मास्तरांनी डाव्या बटणात पुठ्ठ्याची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. डावा हात मोकळा राहिला की गठ्ठा सारखा करता येतो आणि काम दीडपट होतं. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. वहीवाली मात्र एकदा खाली वाकून त्या पाचरीकडे बराच वेळ बघत राहिली, आणि मग तिची ती वही निघाली.

त्याच आठवड्यात ती हात धुवायला गेली असताना मास्तरांनी तिचा झगा खुंटीवर पाहिला. इकडे तिकडे बघितलं आणि वही काढली. पहिल्या पानावर फाटकाची वेळ, पायऱ्यांची संख्या, दोन दवाखान्यांचे फोन. मावशींच्या नावापुढे 'जिना चढताना धाप, छातीवर हात'. मग त्यांचं स्वतःचं पान आलं. 'मास्तर. पावणेबारा. घाम. हात थरथरतो. माप दोनदा चुकलं. मावशींवर उगाच चिडले. जेवल्यावर एकदम ठीक.' खाली अशाच चार तारखा. आणि शेवटी 'बटणात पाचर'.

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी वही होती तशी ठेवली, पेन्सिलीचं टोकसुद्धा होतं त्याच बाजूला केलं, आणि दिवसभर कागद कापत राहिले. ही वही मालकांच्या टेबलावर जायच्या आत काहीतरी करायला हवं होतं.

ते काहीतरी त्यांना दुसऱ्या दिवशी सापडलं. खळीच्या कपाटाखाली हात घालून ते सहज चाचपत होते (सहज म्हणजे मास्तरांच्या अर्थानं सहज), आणि हाताला प्लास्टिकची पिशवी लागली. आत साखरेच्या लहान लहान पुड्या, चहाच्या खोलीत असतात तशा. मास्तर मनातल्या मनात हसले. तडक मालकांच्या खोलीत गेले, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले की नवी बाई चहाची साखर चोरून खळीच्या कपाटाखाली लपवते, आज साखर आहे, उद्या काय असेल सांगता येत नाही.

मालक चाळिशीचे, वडिलांच्या मागे धंदा सांभाळून मेटाकुटीला आलेले. त्यांनी वहीवालीला बोलावलं. ती म्हणाली, साखर मी विकत आणलेली आहे. मालकांनी विचारलं, मग लपवायची कशाला? यावर तिनं मास्तरांकडे एकदा नीट बघितलं, तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. मालकांनी सांगितलं, शनिवार तुमचा शेवटचा दिवस. मास्तर बाहेर आले ते खूष होऊन. पण ती गप्प का बसली, हे कोडं काही सुटेना. उत्तर असून जो देत नाही, तो जास्त धोक्याचा, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

शनिवारी डायऱ्यांची मोठी खेप जायची होती आणि ट्रक एक वाजता येणार होता. सकाळीच मालकांनी वर येऊन सांगितलं की आज जेवणाची सुट्टी ट्रक गेल्यावर, दीडला. सगळ्यांनी माना हलवल्या. मास्तरांनीही हलवली. मला बाराला जेवावंच लागतं, असं कुठल्या तोंडानं सांगणार?

सव्वाबाराला त्यांच्या मानेवर घाम आला. त्यांना वाटलं, कुणीतरी मुद्दाम पंखा बंद केलाय. पंखा चालू होता. मग त्यांना वाटलं की पट्टी बदललीय. कालपर्यंत हिच्यावरचे आकडे सरळ उभे राहत होते, आज हलतायत, म्हणजे कुणीतरी रात्री दुसरी पट्टी आणून ठेवली. समोर मावशी आणि वहीवाली बोलत होत्या. काय बोलतात? शिलाईवाला हसला. कुणाला हसला? हळूहळू त्यांना सगळं स्वच्छ दिसायला लागलं. सगळे एक झालेत. चुकीच्या मापानं माझ्याकडून डायऱ्या कापून घ्यायच्या आणि मग मालकांना वर बोलवायचं. बावीस वर्षांत इतकी खात्री मास्तरांना कशाचीच वाटली नव्हती. त्यांनी एक गठ्ठा कापला, वाकडा गेला. दुसरा लावला, डाव्या हातानं आत सरकवायला लागले, आणि उजवा हात बटणाकडे नेला.

मशीनचा घरघराट अचानक थांबला. वहीवालीनं भिंतीवरचं मुख्य बटण बंद केलं होतं.

मास्तर तिच्यावर धावून गेले. काय बोलले ते त्यांना नंतर आठवलं नाही, आणि ज्यांना आठवत होतं त्यांनी सांगितलं नाही. सगळा हॉल भोवती गोळा झाला. वहीवालीचा आवाज मात्र फर्मे मोजताना असायचा तसाच होता. तिनं शिलाईवाल्याला पुढच्या फाटकात उभं राहायला सांगितलं, मागचं या वेळी बंद असतं म्हणून. एकाला सांगितलं, हा दवाखान्याचा नंबर, फोन हातात धर, मी म्हणेन तेव्हाच लाव. बाकीच्यांना म्हणाली, बघत उभे राहू नका, त्यांना आणखी भीती वाटेल. मग तिनं स्टूल पुढे केलं. मास्तरांचे पाय लटपटत होते, म्हणून ते बसले. तिनं सांगितलं म्हणून नव्हे.

तिनं पेल्यात साखरपाणी करून आणलं. मास्तरांनी पेला उडवून लावला. आता विष घालतेय, ते ओरडले, बघा, सगळ्यांसमोर विष घालतेय. शिलाईवाला अजून दारातच होता. तो हळूच म्हणाला, की मास्तर आज घेऊन आलेत की काय, झोपू दे त्यांना कोपऱ्यात.

तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "ते प्यालेले नाहीत. त्यांना झोपू द्यायचं नाही. पुन्हा असं बोलू नका, आणि फाटकाकडे जा."

ती क्षणभर मास्तरांकडे बघत उभी राहिली. मास्तरांचे डोळे तिच्यावर होते, पण नजर पलीकडे कुठेतरी चालली होती. मग ती मावशींपाशी गेली, खळीची एक स्वच्छ धुतलेली वाटी मागून घेतली आणि सरळ मास्तरांच्या हत्यारांचा खण उघडला. धार लावायच्या दगडामागे हात घातला. चार पुड्या निघाल्या. त्या वाटीत रिकाम्या करून, थोडंसं पाणी घालून तिनं बोटानं ढवळलं आणि वाटी घेऊन मास्तरांसमोर उकिडवी बसली.

"मास्तर, मावशी म्हणतात खळ आंबली. तुम्ही जरा बघता का?"

आता गंमत अशी, की मास्तरांचं डोकं त्या वेळी कुठल्या कुठे भरकटलेलं होतं, पण बोट मात्र आपलं काम विसरलं नव्हतं. बावीस वर्षांच्या सवयीनं ते वाटीत गेलं आणि तोंडात आलं.

"हं," मास्तर म्हणाले.

"आंबट लागते ना?"

"बघू." दुसरं बोट गेलं. तिसरं गेलं. "आंबट कुठंय? गोड आहे."

"मावशी तर आंबटच म्हणतात," वहीवाली म्हणाली. मावशींनी डोळे पुसत पुसत मान हलवली, आंबट आहे बाई, चांगलीच आंबट आहे.

"मावशीला काय कळतंय." मास्तरांनी वाटी तिच्या हातातून ओढून घेतली. तिनं आपला हात खालून तसाच आधाराला ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, तो नीट गिळला गेला की नाही हे ती त्यांच्या गळ्याकडे बघून पाहत होती. मग दुसरा घोट. कुणी म्हणेल ते खरं मानायचं नाही हा त्यांचा जन्माचा बाणा, त्यामुळे खळ आंबट नाही हे सिद्ध करायला त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली.

वहीवालीनं घड्याळात बघितलं आणि जमिनीवरच मांडी घालून बसली. पंधरा मिनिटं ती तिथून हलली नाही. मास्तर दोनदा उठायला गेले, तिनं दोन्ही वेळा त्यांना काहीतरी विचारलं, आज वार कोणता, ट्रक किती वाजता येणार. पहिल्यांदा त्यांनी गुरुवार सांगितला. दुसऱ्यांदा शनिवार. पट्टीवरचे आकडे हळूहळू आपापल्या जागी येऊन उभे राहिले. पंखा चालू आहे हे त्यांना दिसलं. आपला शर्ट ओलाचिंब झालाय आणि समोर सांडलेल्या साखरपाण्यापाशी मुंग्या जमल्यात, हेही दिसलं. मावशींनी त्यांचा डबा आणून उघडला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मास्तर कागदाशेजारी बसून जेवले.

दोन घास पोटात गेल्यावर त्यांनी खाली मान घालून विचारलं, "साखर माझ्या खणात कशी?"

"कपाटाखालची तुम्ही नेलीत. मग म्हटलं, जिथं तुम्हाला शोधावंसं वाटणार नाही तिथं ठेवावी."

मास्तरांना हसू आलं नाही. तिला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं ते अगदी थोडक्यात. तिचा थोरला भाऊ लोखंडाच्या कारखान्यात होता. त्यालाही हेच, आणि त्यानंही कुणाला सांगितलेलं नव्हतं. एक दिवस तो असाच बरळायला लागला. दारू पिऊन आलाय समजून त्याला सामानाच्या खोलीत निजवलं आणि बाहेरून कडी घातली. संध्याकाळी कडी काढली. नंतर तिनं रविवारी रविवारी जाऊन प्रथमोपचार शिकून घेतले, आणि तेव्हापासून जिथं काम करेल तिथं आधी माणसं बघायची सवय लागली.

"मालकांनी बोलावलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुमचं आहे ते. मी कसं सांगू?"

मास्तरांचा हात डब्यात तसाच राहिला. या मुलीला आपण चोर ठरवलं, आणि तिनं आपलं गुपित स्वतःच्या नोकरीच्या बदल्यात राखलं. मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची इतकी लाज वाटली.

तेवढ्यात मालक धापा टाकत वर आले. फाटकात माणूस उभा आहे, मशीन बंद आहे, काय चाललंय? मग डबा, ओला शर्ट, जमलेली माणसं बघून त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं की मास्तरांना उकाड्यानं भोवळ आली असणार. त्यात जेवणही लांबलं, चूक माझीच, बसा मास्तर, जरा बसा, असं म्हणून ते जायला वळले. किती सोपं होतं. फक्त 'हो' म्हणायचं होतं. एवढंसुद्धा नाही, नुसतं गप्प बसायचं होतं. वहीवाली उठली, झग्यावरची धूळ झटकली आणि आपल्या टेबलावरच्या वस्तू पिशवीत भरायला लागली. आज तिचा शेवटचा दिवस होता.

"मालक," मास्तर म्हणाले. आवाज बसला होता, पण हॉल इतका शांत होता की शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेला. "साखर तिनं चोरली नव्हती. माझ्यासाठी ठेवली होती. मला मधुमेह आहे. तेरा वर्षं झाली. मी लपवलं. आणि तिची वहीसुद्धा मी चोरून वाचली."

मालकांनी मास्तरांकडे बघितलं, मग मशीनकडे. वाकून बटणातली पाचर बघितली. ती त्यांनी आधी कधी पाहिली नव्हती असं काही त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. मग म्हणाले, "डॉक्टरांचं पत्र आल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, मास्तर. पत्र आलं तरी मला विचार करावा लागेल." थोडं थांबून ते वहीवालीला म्हणाले की तुम्ही सोमवारी या.

"येईन," ती म्हणाली. "साखर कुठं ठेवायची ते सांगा, म्हणजे लपवावी लागणार नाही."

मास्तरांनी कमरेच्या करदोट्यातून मशीनची किल्ली सोडवली आणि मालकांच्या हातावर ठेवली. बोटं थरथरत नव्हती. साखर आता जागेवर आली होती. पण किल्ली सुटायला वेळ लागला. सोमवारपासून आपण कुठल्या टेबलाला बसणार हे त्यांना दिसत होतं, आणि लेबलं चिकटवणाऱ्या त्या माणसाची खाली घातलेली मानही दिसत होती. आपण त्याला कधी एका शब्दानं विचारलं नाही, हेही आत्ताच आठवायचं होतं.

ते जिन्याच्या वळणावर येऊन उभे राहिले. बायकोला सांगायला हवं होतं. घरी जाऊन तोंडावर सांगण्यापेक्षा फोनवर बरं, असा विचार करून त्यांनी खिशातून फोन काढला. कामावरून त्यांनी तिला कधीच फोन केला नव्हता. मालकांचा वेळ, मालकांचं काम, घरच्या गोष्टी घरी, असा तोही एक नियम होता.

पहिली घंटा पुरती वाजलीही नाही.

"कुठल्या दवाखान्यात?" बायकोनं विचारलं.

पलीकडे तिचा आवाज शांत होता, अगदी पाठ केल्यासारखा. "फोनवर कोण बोलतंय? शुद्धीवर आहेत का ते? तेवढं सांगा. मी निघालेच आहे, चपला घातल्या."

"मीच आहे," मास्तर म्हणाले. "अगं, मीच आहे. जेवलो आत्ता."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला, बहुतेक पिशवी. आणि मग ती रडायला लागली, आणि मास्तर जिन्यात उभे राहून ऐकत राहिले.